प्लांटेड टँकमधली भराभर वाढणारी झाडं काढून संथ झाडं लावायची आहेत? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे मानेवाड्याच्या घरी तीन फुटी, साधारण १५० लिटरचा प्लांटेड टँक, म्हणजे माशांबरोबर जिवंत पाणझाडं वाढवायचा काचेचा टँक आहे. सुरुवातीला त्यात हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टचं रान होतं. आज अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन आहेत. हा बदल मी एकदा घाईने केला आणि टँक बिघडवला. दुसऱ्यांदा पाच महिने घेतले आणि तो जमला. तेव्हापासून ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

टँक हिरवागार दिसतोय. मग ही झाडं काढायची कशाला?

तुम्हाला दर आठवड्याला कात्री घेऊन बसायला आवडत असेल तर काढू नका, खरंच. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा चांगल्या लाइटखाली आठवड्यात सहज चार-पाच इंच वाढतो. दोन आठवडे हात लावला नाही तर तो पाण्याच्या वर पोचतो, खालची पानं अंधारात पिवळी पडतात आणि गळून सडतात. आठ दिवस गावाला जाऊन आलं की टँक ओळखू येत नाही. संथ झाडांचा टँक महिन्यातून एकदा आवरला तरी चालतो, त्याला लाइट कमी लागतो, खत कमी लागतं आणि एकदा केलेली मांडणी वर्षभर तशीच राहते. मला स्वतःला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. लाकडाच्या ओंडक्यावर बसलेला अनुबियास तीन वर्षं त्याच जागी बघत राहणं, यात फार समाधान आहे.

मग पहिल्या दिवसापासूनच संथ झाडं लावली असती तर?

नव्या टँकमध्ये तेच अवघड असतं. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे फिल्टरमधले जीवाणू पुरेसे वाढलेले नसतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, पोषक माती वापरली असेल तर ती मातीसुद्धा, सगळ्यांतून अमोनिया सुटत असतो. वेगाने वाढणारी झाडं हा अमोनिया थेट खातात आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. अनुबियासला महिन्याला जेमतेम एक पान येतं. तो एवढ्या पाण्याला पुरा पडणार नाही. म्हणून सुरुवात वेगवान झाडांनी करायची, टँक स्थिरावला की त्यांचं काम हळूहळू दुसऱ्यांकडे सोपवायचं. हे सोपवणं नीट झालं की बाकी सगळं सोपं आहे.

कोणती झाडं वेगवान आणि कोणती संथ?

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांपैकी हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, हॉर्नवर्ट, लिम्नोफिला, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, वॉटर स्प्राइट आणि पाण्यावर तरंगणारी जवळपास सगळी झाडं वेगवान. रोटाला मधल्या वेगाचं. यांतली बरीचशी आपल्याच मातीतली आहेत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा भारतीय आहे, तरी अमेरिकेत ते उपद्रवी तण म्हणून यादीत टाकलेलं आहे, यावरून त्याच्या वेगाची कल्पना यावी.

संथांमध्ये पश्चिम आफ्रिकेतला अनुबियास, आग्नेय आशियातला जावा फर्न, बोर्निओच्या ओढ्यांतला ब्युसेफॅलॅन्ड्रा आणि क्रिप्टोकोरीन. आपल्याकडे सगळ्यात जास्त विकला जाणारा क्रिप्टो वेंडटी मूळचा श्रीलंकेचा. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस तर आपल्या सह्याद्रीतही उगवतो. बोल्बिटिस नावाचा फर्न फार देखणा असतो, पण त्याला थंड, वाहतं पाणी हवं. नागपुरात मी तो दोनदा लावला आणि दोन्ही वेळा मे महिन्यात गमावला, म्हणून सुरुवातीला घ्या असं कुणाला सांगत नाही.

भाऊ, एका रविवारी सगळं काढून नवीन लावून टाकलं तर काय बिघडतं?

मी हेच केलं होतं. एप्रिलचा महिना, रविवार. सकाळी सगळा हायग्रोफिला उपटला, दोन बादल्या भरल्या. दुपारी अनुबियासची सहा आणि क्रिप्टोची आठ रोपं लावली. लाइट पूर्वीचाच, आठ तास. खतही पूर्वीइतकंच. संध्याकाळी टँक इतका सुंदर दिसत होता की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

चौथ्या दिवशी क्रिप्टोची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायला लागली. दहाव्या दिवशी पाणी हिरवं झालं. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळ्या केसांसारखं शेवाळ आलं. त्यात दोन टेट्रा, माझे छोटे मासे, तेही गेले.

कारण सरळ होतं. रोज अमोनिया आणि नायट्रेट खाणारी झाडं मी एका दिवसात काढली, पण त्यांचं खाणं पाण्यात पडतच राहिलं. मुळं उपटताना खाली साचलेला गाळ उसळला, त्यातून आणखी अमोनिया सुटला. वरची सावली गेल्यामुळे सगळा लाइट थेट खाली पोचला. लाइट भरपूर, खत भरपूर आणि ते वापरणारं झाड नाही. अशी जागा शेवाळ सोडत नाही.

मग किती काढायचं आणि कधी?

कॅलेंडर बघून ठरवू नका, नवीन झाडाची पानं मोजून ठरवा. मी पाळतो तो नियम असा: नवीन लावलेल्या झाडांना तुमच्या पाण्यात तीन नवी पानं आली की जुन्या झाडांची एक जुडी बाहेर. जुडी म्हणजे एकूण वेगवान झाडांचा पाचवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. मग किमान दोन आठवडे थांबायचं.

यात "तुमच्या पाण्यात" हे शब्द महत्त्वाचे. दुकानातली बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्या पानांची ठेवण वेगळी असते. पाण्याखाली आल्यावर ती पानं हळूहळू मरतात आणि त्यांच्या जागी पाण्याखाली जगणारी पातळ पानं येतात. जुनी पानं कितीही तजेलदार दिसली तरी ती मोजायची नाहीत. नवं पान फुटलं म्हणजे झाडाने तुमचं पाणी स्वीकारलं.

या हिशेबाने तीन फुटी टँकला चार ते सहा महिने लागतात. लोकांना हे फार वाटतं. पण तेवढे महिने टँक रिकामा नसतो, भरलेलाच असतो. फक्त हिरव्याची छटा बदलत जाते.

दर वेळी जुडी काढली की त्याच दिवशी ३० ते ४० टक्के पाणी बदला. त्या आठवड्यात फिल्टर धुऊ नका, नवीन मासे आणू नका. खाणं थोडं कमी केलं तर आणखी बरं.

सुरुवात कोणत्या झाडापासून करू?

जिथे संथ झाड बसवायचंय, तिथलं. बहुतेकांचा पुढचा आणि मधला भाग आधी मोकळा होतो, मागचे दोन कोपरे शेवटी. हॉर्नवर्ट आणि तरंगणारी झाडं सगळ्यात शेवटपर्यंत ठेवा. त्यांना मातीतली जागा लागत नाही, हवी तेव्हा हाताने उचलता येतात आणि खाली नव्या झाडांना सावली मिळते. ज्यांच्याकडे तरंगणारं झाड नाही त्यांनी या बदलाच्या काळापुरती मूठभर फ्रॉगबिट जरूर आणावी. टिकलीएवढ्या पानांची डकवीड मात्र आणू नका, ती पुन्हा कधीच पूर्ण निघत नाही.

उपटायचं की कापायचं?

स्टेम प्लांट, म्हणजे हायग्रोफिलासारखं उभ्या दांड्याचं झाड, दोन बोटांत बुडाशी धरून सावकाश वर ओढायचं आणि दुसऱ्या हाताने सायफनची नळी तिथेच धरायची. उसळलेला गाळ थेट बादलीत जातो. मोठ्या मुळांच्या झाडाला, उदाहरणार्थ ॲमेझॉन सोर्डला, भोवतीची मुळं आधी कात्रीने गोल कापून घ्या, नाहीतर अर्धी माती वर येईल. व्हॅलिसनेरियाचे रनर, म्हणजे रोपांना जोडणारे आडवे दांडे, आधी तोडा आणि एका वेळी चार-पाच रोपंच काढा. ते मातीखालून सगळीकडे पोचलेलं असतं.

लाइट बदलावा लागतो का?

हो, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात.

हायग्रोफिलाच्या पानावर शेवाळ बसलं तरी ते पान पंधरा दिवसांत तुमच्या कात्रीखाली येतं आणि शेवाळासकट बाहेर जातं. अनुबियासचं एक पान वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. शेवाळाला त्यावर बस्तान बसवायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून पानांचा वेग कमी होतो तसा लाइटही कमी व्हायला हवा. पहिली जुडी काढली की आठ तासांचे साडेसात करा, दुसरीला सात. शेवटी सहा-साडेसहा तासांवर आणून ठेवा. तीव्रता कमी करता येत असेल तर तीही करा. संथ झाडांना लिटरमागे साधारण २० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरतात, हा ढोबळ हिशेब आहे पण उपयोगी पडतो. तीव्रता कमी करायची सोय नसेल तर दिवा सहा इंच वर टांगा.

टायमर घ्या. हाताने चालू-बंद केलेला लाइट कधी पाच तास होतो, कधी अकरा.

खत बंद करू का?

बंद नाही, कमी. निम्मी झाडं गेली म्हणून खतही लगेच निम्मं करू नका, आधी पाणी तपासा. नायट्रेट ५ ते १५ पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) राहिलं तर बरोबर चाललंय. २५-३०च्या वर चढत गेलं तर खत कमी करा किंवा पाणी जास्त बदला. अमोनिया कधीही शून्यच दिसायला हवा. थोडाही अमोनिया दिसला की पुढची जुडी थांबवायची.

खत एकदम शून्यावर आणलं तर वेगळीच अडचण येते. फॉस्फेट संपलं की अनुबियासवर हिरवे, कडक ठिपके उमटतात, ते नखाने खरवडूनही निघत नाहीत. क्रिप्टो मुळांतून खातो, म्हणून त्याच्या बुडाशी तीन महिन्यांतून एकदा रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, पुरा. अनुबियास आणि जावा फर्न पानांतून आणि पाण्यात लोंबणाऱ्या मुळांतून खातात, त्यांना टॅबचा उपयोग नाही.

झाडांसाठी पाण्यात वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो का?

या झाडांना गरज नाही. आधीपासून सिलेंडर असेल तर चालू ठेवा, बदल पूर्ण झाल्यावर महिनाभरात हळूहळू कमी करा. एक दिवस चालू, दोन दिवस बंद, असं मात्र नको. गॅस कमी-जास्त होत राहिला की काळं केसाळ शेवाळ येतं. हा गॅस घरीच तयार करायला साखर आणि यीस्टची बाटली लावणाऱ्यांना एक सांगणं: नागपूरच्या उन्हाळ्यात यीस्ट इतकं भडकतं की जी बाटली जानेवारीत तीन आठवडे चालते ती मेमध्ये काही दिवसांत संपते. रात्रीही ती थांबत नाही, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत असतात. मार्चपासून ती काढून ठेवा.

क्रिप्टो लावला आणि आठ दिवसांत विरघळला. मेला का?

बहुतेक वेळा नाही. जागा, पाणी किंवा लाइट अचानक बदलला की क्रिप्टो पानं टाकतो. मुळं आणि मधला गड्डा जिवंत असतो. विरघळलेली पानं कापून बाहेर काढा, सडू देऊ नका, आणि रोप अजिबात उपटू नका. तीन-चार आठवड्यांत नवं पान वर येतं. उपटून दुसरीकडे लावलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वरची झाडं एकदम काढली तर जुना, स्थिरावलेला क्रिप्टोसुद्धा असाच पानं टाकतो, कारण त्याच्यावरचा लाइट एका दिवसात बदललेला असतो. जुड्या हळू काढण्याचं हेही एक कारण.

अनुबियास मातीत लावला तर का कुजला?

त्याचा आडवा, जाड दांडा, ज्याला राइझोम म्हणतात, तो मातीखाली गाडला गेला असणार. राइझोम उघडा हवा, मुळं हवी तर मातीत जाऊ द्या. जावा फर्न आणि ब्युसेफॅलॅन्ड्रालाही हेच लागू. दगडावर किंवा लाकडावर शिवणकामाच्या साध्या सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. घाई असेल तर सायनोॲक्रिलेटचा जेलसारखा गोंद चालतो, एक थेंब पुरतो.

दगड विकत घ्यायची गरज नाही. आपल्याकडचा काळा बेसाल्ट उत्तम. फक्त पांढऱ्या शिरा असलेला तुकडा टाळा, त्या शिरा बऱ्याचदा कॅल्साइटच्या असतात. शंका आली तर शिरेवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की तो दगड बाजूला. चंद्रपूर-वणी भागातून कुणी चुनखडीचा सुंदर दगड आणून दिला तरी टँकमध्ये घालू नका, पाणी जड होत जातं.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळं जमतं का?

उन्हाळ्यात सुरूच करू नका. पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा घरातल्या टँकचं पाणी सहज ३२-३३ अंशांवर पोचतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. आणि त्याच वेळी मासे, जीवाणू, सडणारी पानं, सगळ्यांची ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते. अशा वेळी ऑक्सिजन देणारी वेगवान झाडं काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. माझे टेट्रा त्यातच गेले असं मला वाटतं.

माझं वेळापत्रक असं: पोळा, मारबत झाली की संथ झाडं आणून लाकडावर बांधायची आणि जुन्या झाडांच्या सावलीत ठेवायची. दसऱ्यापर्यंत त्यांना नवी पानं दिसतात. पहिली जुडी दिवाळीच्या आसपास, शेवटची होळीच्या आत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाणी २०च्या खाली जाऊ नये म्हणून हीटर २३-२४वर लावा. थंड पाण्यात नवी पानं येणं जवळजवळ थांबतं आणि सगळा हिशेब लांबतो.

होळीपर्यंत काम संपलं नसेल तर जे राहिलंय ते तसंच राहू द्या, पुढच्या पोळ्यानंतर बघू.

उन्हाळ्यासाठी टँकवर तिरका लावलेला छोटा पंखा पुरतो. आपली हवा कोरडी, म्हणून बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. खोलीत खसचा कूलर चालू असेल तर हवेत आधीच ओल असते, पंख्याचा परिणाम कमी होतो, पण खोलीच थंड असल्याने एकूण चालून जातं. उडालेलं पाणी भरताना आरओचं वापरा, कारण क्षार उडत नाहीत, मागे साचतात. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान वरखाली होतं. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी सहानंतर लावा, त्यानेही फरक पडतो.

नळाचं पाणी वापरू की बोअरचं?

शहराला पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं पाणी येतं. ते शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं असतं. डीक्लोरीनेटर टाकून वापरा, या झाडांना ते चांगलं मानवतं. नळाला क्लोरीनचा वास जास्त येईल त्या दिवशी पाणी बदलणं पुढे ढकला. बोअरचं पाणी बहुतेक वस्त्यांत जड असतं. क्रिप्टो वेंडटी आणि अनुबियास त्यात तगतात, पण पानांवर पांढरा थर यायला लागला तर निम्मं आरओचं मिसळा.

एप्रिल-मेमध्ये स्लॅबवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. पाणी बदलायचं तर पहाटे.

अनुबियासवर काळं केसाळ शेवाळ आलंय, आता?

पाण्याची पातळी उतरवून ते पान उघडं करा आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त शेवाळावर लावा. दोन मिनिटांनी पाणी भरा. शेवाळ आधी लालसर, मग पांढरं पडतं आणि मासे-कोळंबी ते खातात. खूप भरलेलं पान सरळ कापून टाका. लाइट कमी केला नाही तर ते परत येईल. लिक्विड कार्बन म्हणून मिळणारं ग्लुटारल्डिहाइड वापरत असाल तर उरलेल्या व्हॅलिसनेरियाकडे लक्ष ठेवा, तो त्याने जळतो.

काढलेल्या झाडांचं काय करायचं? फुटाळ्यात सोडली तर?

नाही. फुटाळा, अंबाझरी, सोनेगाव, गांधीसागर, नाग नदी, कुठेही नाही. अंबाझरीवर पसरलेली जलपर्णी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, माणसांनीच आणलेली. फ्रॉगबिट, सॅल्व्हिनिया, ॲमेझॉन सोर्ड हीसुद्धा तिकडचीच. एक तुकडा पुरतो. हायग्रोफिला, हायड्रिला आपल्याकडचीच असली तरी टँकच्या झाडांबरोबर गोगलगाई आणि माशांचे रोग जातात.

नवीन टँक सुरू करणाऱ्याला द्या, त्याला नेमकी हीच झाडं हवी असतात. मी दर वर्षी दोन-तीन घरी देतो. उरलेली उन्हात दोन दिवस वाळवून कुंडीत टाका, गुलाबाला आणि तुळशीला छान खत होतं.

शेवटी एकही वेगवान झाड ठेवायचं नाही का?

मी एक ठेवतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपाआड, हॉर्नवर्टची एक मूठ. तिच्यावरून मला पाणी कळतं. ती आठवड्यात दुप्पट झाली की नायट्रेट वाढलंय, खाणं जास्त पडतंय. सुया गळायला लागल्या की खत कमी पडलंय. मे महिन्यात तिच्या दोन मुठी होऊ देतो आणि पावसाचे दोन-चार जोरदार दिवस होऊन पाणी २८ अंशांवर आलं की परत एक करतो.